कळसू काम टाकून गेली

डोंगर हा आपला विषय नाही, असं आपल्यातलाच एक कवी म्हणाला. शिवडीला खोलीवर बैठक होती, पुढच्या अंकाचं चाललं होतं. मी म्हणालो, कळसूबाईवर लिहितो. तर सगळे हसले. तो म्हणाला, तू गोदीतला गडी, गोदीवर लिही. डोंगर, धुकं, पाऊस, कारवीची फुलं हा सदाशिवपेठी माल आहे, त्यांना लखलाभ. आपल्या बापजाद्यांना डोंगरानं काय दिलं? गावानं काय दिलं? बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत खेड्याची लायकी काय काढली ते आधी वाच, मग डोंगर चढ.

वाचलंय दोस्ता. मॅट्रिकपर्यंतच शिकलो, पण तेवढं वाचलंय. बाबासाहेब खेड्याबद्दल बोलले ते खरंच बोलले. खेड्यातून उठून आलेल्या प्रत्येक झोपडीला ते ठाऊक आहे. पण त्याच बाबासाहेबांकडं १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खातं होतं, आणि त्या खात्यात बसून त्यांनी नद्यांचं पाणी, धरणं, वीज ह्यांचं धोरण आखलं. दामोदर खोऱ्याची योजना त्यातलीच. गाव सोडा म्हणणाऱ्या माणसानं पाणी सोडा असं कधी म्हटलं नाही. आणि पाणी कुठून येतं? नळातून येतं असं समजणारे कवी आता आपल्यातही झालेत. माझं भांडण त्यांच्याशी आहे. प्रस्थापितांशी तर आहेच, ते काय रोजचंच.

तर कळसूबाई. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. ज्या अहमदनगर जिल्ह्याचं २०२४ साली अहिल्यानगर झालं त्याच्या अकोले तालुक्यात, नाशिकच्या इगतपुरी तालुक्याच्या हद्दीवर. खालोखाल साल्हेर, १५६७ मीटर. शाळेत एवढंच शिकवलं. भूगोलात एक गाळलेली जागा, एक मार्क. तो मार्क मला मिळाला होता. ही बाई कोण, तिचं नाव डोंगराला कसं पडलं, हे मास्तरनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

ती मोलकरीण होती.

ही कथा मी बनवलेली नाही. पायथ्याच्या गावात म्हाताऱ्या बाया सांगतात, आणि इंग्रजानं १८८४ साली नगर जिल्ह्याचं गॅझेटियर छापलं त्यातही आहे. कळसू ही कोळ्याची पोर. रानात भटकायचा नाद. भटकत भटकत डोंगराच्या पायथ्याला इंदोरे गावात आली आणि एका कोळ्याच्या घरी कामाला राहिली. राहताना तिनं अट घातली. भांडी घासणार नाही. केरकचरा काढणार नाही. बाकी सांगाल ते काम करीन. घरवाले कबूल झाले. काही दिवस बरे गेले. मग एक दिवस घरातल्या कुणीतरी फर्मान सोडलंच, कळसू, भांडी घास, केर काढ. तिनं भांडी घासली. केर काढला. हात धुतले की नाही माहीत नाही. तशीच उठली आणि डोंगर चढून गेली. पुन्हा खाली आली नाही. वरच राहिली, वरच मेली. भांडी घासली त्या जागेला थाळेमेळ म्हणतात, केर काढला त्या जागेला काळदरा.

आता ही कथा नीट वाचा. पुराणातल्यासारखी वाचू नका, मुकादमाच्या वहीसारखी वाचा. कुणी राक्षस मारलेला नाही. कुणाच्या स्वप्नात जाऊन दृष्टांत दिलेला नाही. शापही नाही, वरदानही नाही. एक पोर आहे, तिचं काम आहे, कामावर लागताना तोंडी ठरलेली अट आहे, मालकानं ती मोडली आणि पोरीनं काम सोडलं. बस. एवढंच आहे. महाराष्ट्राच्या सगळ्यात उंच जागेवर जर काही बसलेलं असेल तर ते हे बसलंय. आणि गिर्यारोहणाची पुस्तकं लिहिणारे तिथं जाऊन ढगांचं वर्णन करतात.

अट काय घातली तेही बघा. पैसे वाढवा म्हणाली नाही. काम कमी द्या म्हणाली नाही. दुसऱ्याचं उष्टं आणि दुसऱ्याचा केर, ह्या दोन गोष्टींना हात लावणार नाही म्हणाली. ज्यांच्या आईनं, आजीनं, पणजीनं पिढ्यान्‌पिढ्या ह्याच दोन गोष्टींवर पोट भरलं, ज्यांच्या नावाला वतन म्हणून हाच केर आणि हीच मेलेली ढोरं लावून दिली, त्यांना ही अट समजावून सांगायला लागते काय? मेलेलं ढोर ओढणार नाही, येसकरी करणार नाही, म्हणून बाबासाहेबांच्या शब्दाखातर आपल्या लोकांनी गावोगाव मार खाल्ला. कळसूनं तेच सांगितलं होतं. ती आपल्या जातीची नव्हती. पण अट तीच होती. आणि तू म्हणतोस डोंगर आपला विषय नाही.

एक गोष्ट इथं लपवून चालणार नाही. मालक बामण नव्हता. सावकार नव्हता. मालक कोळी होता आणि मोलकरीण कोळ्याची होती. ही आपल्या भाषणात न बसणारी गोष्ट आहे, म्हणून मुद्दाम सांगतो. घासायची भांडी समोर आली की आपल्यातलाच माणूस आपल्यातल्याच बाईला हाक मारतो. आपल्या बैठकीत चहाचे कप कोण धुतं? शिवडीच्या त्या खोलीत त्या दिवशी कोण धूत होतं? क्रांतीवर बोलणारे सात जण बसलेले होते, आणि मोरीत कवीची बायको होती. मी पण बसलेला होतो.

आता देवीचं. मला माहीत आहे तुम्ही काय म्हणणार. बावीस प्रतिज्ञा घेतलेला माणूस देवीच्या डोंगरावर काय करतो. मी वर गेलो. हात जोडले नाहीत. नारळ फोडला नाही. पण देवळासमोर बराच वेळ बसलो, कारण मला एक हिशेब लावायचा होता. मोलकरीण काम टाकून गेली तर खालच्या गावात काय झालं असेल? पहिल्या दिवशी म्हणाले असतील, माजली. दुसऱ्या दिवशी डबे तपासले असतील, काही चोरून नेलं का. मग वर्षं गेली. पोर परत येत नाही. तिला परत आणता येत नाही आणि तिचा पगारही चुकता करायचा नाही, तेव्हा माणसं काय करतात? शेंदूर फासतात. लुगडं नेसवतात. नवरात्रात जत्रा भरवतात. जिच्या हातात पगार ठेवायचा होता तिच्यापुढं दक्षिणा ठेवतात. मोलकरणीची देवी केली की बाकीच्या मोलकरणींना सांगता येतं, ती तशी जाऊ शकली कारण ती देवी होती, तू कोण? तू भांडी घास.

हा आपल्या देशातला फार जुना धंदा आहे. जिवंतपणी ज्याची अट मान्य करायची नाही त्याला मेल्यावर फोटोत बसवायचं. उदाहरणं द्यायला नकोत. जयंतीच्या वर्गणीची पावती तुमच्या खिशात आहे.

मी तिथं गेलो कसा ते सांगायचं राहिलं. आमच्या टोळीत एक गडी आहे, तिकडचाच, महादेव कोळी. गोदीत कंत्राटावर आम्ही बरोबर आहोत. पन्नास किलोची गोणी पाठीवर घेऊन चालायची त्याची एक रीत आहे, गुडघे किंचित वाकवून, पाऊल आधी चाचपून मग भार टाकायचा. मुकादम त्याच्यावर ओरडायचा, हळू चालतोस म्हणून. पण सबंध पाळीत तो एकदाही घसरत नाही. मी विचारलं, हे कुठं शिकलास? म्हणाला, घरी. आमच्याकडं पाणी असंच आणतात. मग एका सुट्टीला त्याच्याबरोबर गेलो. कसाऱ्यापर्यंत लोकल, पुढं जीप, घोटीहून एसटी, बारीच्या फाट्यावर उतरायचं. बारीला लागूनच जहागीरदारवाडी. नाव बघा. जहागीर कुणाची आणि वाडीत राहणारा कोण.

त्याच्या आईनं विचारलं, कुनाचा रं तू? म्हणजे जात. मी सांगितलं, बौद्ध. ती थोडा वेळ चुलीकडं बघत राहिली. मग नागलीची भाकर माझ्या ताटात टाकली, पोराच्या ताटासारखंच ताट. रात्री दोस्त म्हणाला, पाच वर्षांपूर्वी तुला आणलं असतं तर ताट वेगळं असतं. मी म्हणालो, बरं झालं पाच वर्षांनी आणलंस. दोघं हसलो. हसलो म्हणून गोष्ट लहान होत नाही. आदिवासी आणि दलित एक आहेत असं आपल्या पोस्टरवर लिहिणं सोपं आहे. पँथरच्या १९७३ च्या जाहीरनाम्यात दलित कोण ह्याची व्याख्या केली, तीत आदिवासी आहेत. कागदावर ताट एकच आहे. चुलीपुढं ते अजून एकेका घरात एकेक करून एक करावं लागतंय.

मी म्हातारीला कळसूचं विचारलं. म्हणालो, मावशी, ती रुसून गेली म्हणतात. ती म्हणाली, रुसून कशाला जाती? तिनं आधीच सांगितलं व्हतं का नाय? सांगून ठेवलेलं मोडलं त्यांनी. रुसणं येगळं आन् जाणं येगळं, लेकरा.

माझी सगळी कविता मला तिथं फिकी वाटली. ह्या बाईला लिहिता येत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही वर निघालो. शनिवार होता. शहरातून बसा भरून आलेल्या. अंगात रंगीत जाकिटं, पायात महागाचे बूट, एकाच्या पाठीवर गाणी वाजवणारा डबा. सगळ्यांच्या तोंडी एकच, महाराष्ट्राचं एव्हरेस्ट. स्वतःच्या मुलखातली बाई ओळखायला ह्यांना नेपाळचा डोंगर आणि त्यावर डकवलेलं इंग्रज साहेबाचं नाव लागतं. कळसू म्हटलं की काय कमी पडतं? वाटेत वाडीतल्या बाया आणि पोरं लिंबू सरबत, काकडी विकत बसलेली. ते लिंबू, ती साखर, ते पाणी सगळं खालून डोक्यावर आणलेलं. जाकीटवाला घासाघीस करतो, खाली दहाला मिळतं, इथं वीस कसे? अरे भाड्या, मधला डोंगर कोण चढलं?

एका टोळक्याच्या म्होरक्यानं मला गाठलं. माझा रंग, माझा सदरा, बरोबर कोळ्याचा गडी. त्याला वाटलं मी तिथलाच. म्हणाला, दादा, एक सॅक घ्याल का वरपर्यंत? पैसे देतो. तुम्ही म्हणाल, मी त्याला सुनावलं असेल. नाही. मी सॅक घेतली. आठवड्याला सहा दिवस ओझं उचलतो, सातव्या दिवशीचे पैसे सुटत असतील तर का सोडू? लोखंडी शिड्यांवर सॅक घेऊन चढलो, कड्याला बिलगून. उभ्या कातळावर ह्या शिड्या आहेत म्हणून शहरातला माणूस शिखरावर जातो. शेवटच्या शिडीच्या अलीकडं विहीर आहे. तिथं टोळक्यानं पाणी प्यायलं, फोटो काढले. वर पोचल्यावर त्यांनी डबे काढले, पुऱ्या खाल्ल्या, श्रीखंड खाल्लं. समोर अलंग, मदन, कुलंग उभे, दक्षिणेला भंडारदऱ्याचं पाणी आरशासारखं पडलेलं, त्याच्याही पलीकडं रतनगड. बघण्यासारखं आहे, खोटं कशाला बोलू. माझाही श्वास अडकला.

मग म्होरक्यानं पाच-सहा उष्टी ताटं एकात एक घालून माझ्यापुढं धरली. म्हणाला, दादा, विहिरीवर जरा घासून आणता का? ह्याचे वेगळे देतो.

कळसूबाईच्या देवळापुढं. दहा पावलांवर.

मी म्हणालो, तुम्हाला ठाऊक आहे का तुम्ही कुठं उभे आहात? तो म्हणाला, हो, सोळाशे सेहेचाळीस मीटर.

ह्याच्यावर मी काय बोलणार? मी त्याची सॅक त्याच्या पायाशी ठेवली आणि उतरायला लागलो. अर्ध्या वाटेचे पैसेही मागितले नाहीत. गाढवपणा केला, दोस्त रागावला, म्हणाला ठरलेले पैसे सोडायचे नसतात, तीपण सोडून गेली आणि आजपर्यंत दिले का कुणी? बरोबर होतं त्याचं. मी कळसूची नक्कल केली, आणि नक्कल करताना तिचं नुकसान पण नक्कल केलं.

हे झालं डोंगराच्या माथ्याचं. आता पायथ्याचं पाणी.

ह्या डोंगररांगेत घाटघर, रतनवाडी ह्या पट्ट्यात इतका पाऊस पडतो की त्याला नगर जिल्ह्याचं चेरापुंजी म्हणतात. प्रवरा तिथंच रतनगडाच्या कुशीत उगवते. इंग्रजानं १९१० ला तिच्यावर भंडारदऱ्याला धरण बांधायला घेतलं आणि १९२६ ला पुरं केलं. उंची ८२ मीटर. खोऱ्यातली भातखाचरं पाण्याखाली गेली. धरणाला गव्हर्नर विल्सनचं नाव, तलावाला आर्थरचं. सुमारे ११ टीएमसी पाणी. हे पाणी कुठं जातं? खाली. कालव्यानं संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरी. उसाला. त्या पाण्यावर साखर उभी राहिली, लोणीला सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास उभा राहिला, त्याचे पाठ शाळेच्या पुस्तकात आले. साखरेतून सहकार आला, सहकारातून आमदार आले, आमदारांतून मंत्री आले. आणि जिथून पाणी निघालं त्या वाड्यांतल्या बाया मे महिन्यात झऱ्याच्या तळाशी वाटीनं पाणी खरवडतात.

तारखा जुळवून बघा. धरणाचं उद्‌घाटन गव्हर्नरनं केलं डिसेंबर १९२६ ला. आणि बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर गेले २० मार्च १९२७ ला. मध्ये चार महिने पण नाहीत. एका टोकाला सरकार अख्खी नदी अडवून उसाच्या दारात नेऊन सोडतंय, दुसऱ्या टोकाला माणसाला ओंजळभर पाणी प्यायला सत्याग्रह करावा लागतोय आणि डोकी फोडून घ्यावी लागतायत. पाण्याला वर चढवता येतं, वळवता येतं, भिंत घालता येते, पण महाराच्या ओंजळीपर्यंत आणता येत नाही. आपण महाडचा दिवस पाळतो. विल्सन डॅमचा दिवस आपल्या कॅलेंडरात नाही. असायला पाहिजे होता.

माझी आजी श्रीरामपूरकडची. कालव्याच्या पट्ट्यातली. दुसऱ्याच्या उसात खुरपायला जायची. तहान लागली की कालव्यात उतरायची सोय नव्हती, मालकाच्या पोरानं बघितलं तर कालवा बाटायचा, मग वरून कुणीतरी ओतायचं आणि ती ओंजळीनं प्यायची. ते पाणी कुठून येतं हे तिला माहीत नव्हतं. मला माहीत झालं. ते कळसूच्या डोंगरातून यायचं. वरती दोस्ताची आजी त्याच पाण्यात जमीन बुडून वरच्या अंगाला सरकली, खाली माझी आजी त्याच पाण्याच्या काठावर तहानली. दोघी एकमेकींना कधी भेटल्या नाहीत. त्यांची नातवंडं मुंबईच्या गोदीत एकाच टोळीत भेटली, गोणीखाली. आता सांग, डोंगर कुणाचा विषय आहे?

घाटघरचं तर ऐकूनच गोदीवाल्याला हसू येईल. तिथं २५० मेगावॅटचा वीज प्रकल्प आहे, २००८ पासून. उदंचन म्हणतात त्याला. वर एक धरण, खाली कोकणात शहापूरच्या अंगाला दुसरं धरण. दिवसा वरचं पाणी खाली सोडायचं, वीज करायची. रात्री वीज स्वस्त आणि शिल्लक असते, तेव्हा तेच पाणी पंपानं पुन्हा वर चढवायचं. परत दिवसा खाली. इंजिनिअरच्या हिशेबानं ते बरोबर आहे, मी नाही म्हणत नाही. पण विचार करा, यंत्र सबंध नदी सह्याद्रीचा कडा चढवून वर आणून ठेवतं, रोज रात्री, आणि त्याच कड्यावरच्या वाडीत बाई हंडा डोक्यावर घेऊन चढते. पाणी चढवता येत नाही म्हणून नव्हे. ती चढतेय म्हणून.

आणि जंगल. १९८६ ला सरकारनं हा सगळा पट्टा अभयारण्य केला, कळसूबाई हरिश्चंद्रगड अभयारण्य, साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या वर. जनावरं वाचली पाहिजेत, त्याला माझी ना नाही. पण हिरडा वेचणारी बाई त्या दिवसापासून स्वतःच्या रानात परकी झाली. २००६ ला वनहक्काचा कायदा आला, दावे भरले, कागद हलले आणि अडकले. आता मे-जूनमध्ये भंडारदऱ्याला काजवा महोत्सव भरतो. झाडावर काजवे चमकतात ते बघायला रात्रभर मोटारी, मोटारींचे दिवे, आरडाओरडा. काजव्याचा उजेड बघायला हेडलाइट लावून येणारी जमात ही. आणि सकाळी त्यांचा केर काढायला कोण? वाडीतली पोरं. काळदऱ्याचा केर अजून संपलेला नाही.

मला कुणी सांगेल, डोंगरातले लोक गरीब, भोळे, त्यांच्यात जागृती करायला पाहिजे. थांबा. राघोजी भांगरे ह्याच तालुक्यातल्या देवगावचा. सावकारानं गहाणखतं लिहून जमिनी गिळल्या तेव्हा त्यानं टोळी उभी केली आणि सावकारांच्या वह्या जाळल्या, नाकं कापली. इंग्रजानं त्याला पंढरपुरात पकडला आणि २ मे १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिला. आपण मुंबईत बसून जागृतीच्या बाता मारतो, त्याच्या आधी किती वर्षं? आणि परवाचंच घ्या. २०२३ च्या एप्रिलमध्ये अकोल्याहून किसान सभेचा मोर्चा निघाला, लोणीकडं, महसूल मंत्र्याच्या दारी. जमिनी नावावर करा, वनहक्क द्या, अशा मागण्या. पायी. रणरणत्या उन्हात. वाट कुठली? प्रवरेची. जिकडं पाणी गेलं तिकडंच माणसं निघाली, पाण्याच्या मागं मागं, हिशेब मागायला. वाटेतच मंत्र्यांना यावं लागलं, बोलणी करावी लागली, आश्वासनं द्यावी लागली. त्या मोर्चात आपले किती होते? आपल्या अंकात त्यावर किती ओळी आल्या? मी मागचे अंक काढून बघितले. त्या महिन्यात आपल्याकडं दोन कवींचं पुरस्कार घ्यावा की नाकारावा ह्यावर भांडण चाललं होतं, अकरा पानं.

म्हणून मी तुला म्हणतो कवी, डोंगर त्यांचा करून टाकू नकोस. तू रस्त्यावर लिहितोस, गटारावर लिहितोस, नाक्यावरच्या पोरांवर लिहितोस, चांगलं लिहितोस. मी तुझ्या ओळी पाठ म्हणतो, गोदीत जेवायच्या सुट्टीत म्हणून दाखवतो. पण सुंदर ते त्यांचं आणि घाण ती आपली अशी वाटणी कुणी केली? तू केलीस की त्यांनी करून दिली आणि तू सही केलीस? गावाबाहेर ठेवलं तेव्हा निदान आपण सही केली नव्हती. कळसूबाईवरून सूर्य उगवताना दिसतो तो मला आवडला. मला तो आवडायला पाठीवर सॅक का असावी लागते, एवढाच माझा प्रश्न आहे.

गोदीत रोज सकाळी नावं पुकारतात. कंत्राटदाराचा माणूस बोटानं दाखवतो, तू, तू, तू. ज्याच्याकडं बोट वळतं तो आत. आत गेल्यावर काय उचलायचं ते आपण विचारत नाही. पावडर असेल, काच असेल, डोळे झोंबणारं काही असेल. विचारलं तर दुसऱ्या दिवशी बोट वळत नाही. परत आल्यावर पहिल्याच दिवशी मी आणि दोस्तानं मिळून विचारलं, गोणीत काय आहे, आणि हातमोजे कुठं आहेत? भाषण केलं नाही. घोषणा दिली नाही. कामाला हात लावायच्या आधी विचारलं, एवढंच. त्या दिवशी आम्हाला घेतलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी बोट भरली होती आणि माणसं कमी पडत होती, तेव्हा घेतलं. हातमोजे एकच जोड मिळाले, दोघांत. डावा त्यानं घातला, उजवा मी.

मे महिन्यात मी पुन्हा जाणार आहे. नवरात्रात नाही, तेव्हा देवीवाले असतात. पावसाळ्यात नाही, तेव्हा जाकीटवाले असतात. मे महिन्यात झरे आटलेले असतात आणि डोंगर नुसता काळा उघडा असतो, तेव्हा. वर शिखरापर्यंत जायचंच असं नाही. आधी सकाळी वाडीतल्या बायांबरोबर झऱ्यावर जायचं, प्रत्येकानं एक हंडा आणायचा, भरेपर्यंत बसायचं, चढून घरी पोचवायचा. मग ज्याच्या पायात उरलं असेल त्यानं शिड्या चढाव्यात. मग रात्री म्हातारीला कळसूची कथा पुन्हा सांगायला लावायची आणि ती बोलते तशीच, एक शब्द न बदलता, पुढच्या अंकात छापायची. तिचं नाव छापायचं की नाही ते तिला विचारून.

शिवडीचा कवी येणार असेल तर त्याचा कसाऱ्यापर्यंतचा डबा मी आणतो. बाकी ज्यांना यायचंय त्यांनी अंकाच्या पत्त्यावर कार्ड टाकावं. जीपचे आणि एसटीचे पैसे ज्याचे त्यानं. भाकर वाडीत मिळेल, तिचे पैसे आधी द्यायचे, घासाघीस करायची नाही. ताट ज्याचं त्यानं घासायचं.